डावा वूफर लागला, उजवा टेबलावर

जुन्या स्पीकरची जाळी काढून बघितलं तर दोन्ही ८ इंची वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या भागाचा, फोम (कोनभोवतीची फुगीर लवचीक रिंग) बोट लावताच चिकट चुरा होऊन हातात आला. अण्णांचं म्हणणं, लग्नात जोरात वाजवले तेव्हाच फाटले असणार. पण दोष आवाजाचा नाही. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली आर्द्रता आणि ऑक्सिजन त्याला आतून पोखरत राहतात, वर आपला सोलापूरचा चाळिशीपार उन्हाळा. न वाजवता झाकून ठेवला तरी पंधरा-वीस वर्षांत तो जातोच.

नवी पेठेतल्या एका दुकानात रिकोन करून देतो, म्हणजे कोनच नवा बसवून देतो, म्हणाले. मी नको म्हटलं. मूळ कागदी कोन ठणठणीत, मल्टिमीटरवर कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) ६.२ ओहम, म्हणजे ८ ओहमच्या वूफरला अगदी बरोबर; मीटरवर आकडा नावापेक्षा थोडा कमीच दिसतो. नव्या कोनचं वजन वेगळं निघालं की वूफरची मूळ कंपनसंख्या सरकते आणि मग जुन्या खोक्याशी त्याचा मेळ राहत नाही. चांगला कोन टाकून देणं मला पटत नाही.

फोम मागवताना नुसतं ‘८ इंची’ सांगू नका. मी सांगितलं, आणि आलेल्या रिंगचा फुगवटा बास्केटच्या, म्हणजे वूफरच्या सांगाड्याच्या, काठावर चढत होता. कोनचा व्यास, फुगवट्याचा आतला आणि बाहेरचा व्यास, बास्केटची आतली कड, अशी चार मापं घ्या. जुना फोम कोनला पुढून चिकटवलाय की मागून, तेही बघून ठेवा.

सफाईला दोन संध्याकाळी गेल्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन कोनची कड थोडी थोडी पुसायची. कागद भिजू द्यायचा नाही. ॲसिटोन मी जवळही आणला नाही, ते डस्ट कॅपचा (कोनच्या मधोमधची धूळ अडवणारी टोपी) गोंद सोडवतं. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, त्यामुळे सुताची बारीक फुसं घरात सतत उडत असतात. ओल्या गोंदावर ती बसतातच, म्हणून काम नसेल तेव्हा वूफरवर परात पालथी.

आधी फोम कोनला चिकटवला, पांढऱ्या फेविकॉलने, आणि पूर्ण एक दिवस ठेवला. हा गोंद सावकाश धरतो, तोवर रिंग सरकवता येते. पिवळा रबरी गोंद टेकताच पकडतो, मग चुकीला जागाच नाही.

खरी परीक्षा बास्केटची. पहिल्या वेळी स्पायडर (कॉइलला मागून धरणारी लवचीक चकती) कोनला मधोमध धरेल असं समजून तसंच चिकटवलं. रात्री माग थांबल्यावर बारीक आवाजात २५ हर्ट्झचा सूर सोडला, आणि खर्र... खर्र. कॉइल चुंबकाला घासत होती. तिथली फट मिलिमीटरच्या काही दशांशांची. कोन केसभर कलला तरी पुरे. गोंद पुरता वाळला नव्हता, म्हणून बास्केटकडची कड न फाटता सुटली.

दुसऱ्यांदा धारदार ब्लेडने डस्ट कॅप कापून काढली. जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार सारख्या पट्ट्या कापल्या आणि कॉइलची नळी व मधला लोखंडी खांब यांच्यामध्ये चार बाजूंनी सरकवल्या. पट्टी सैल असेल तर दोन घ्या, पण कोंबू नका. मग बास्केटला गोंद, वर रिंग, कडेने कपड्याचे चिमटे, पुन्हा एक दिवस. पट्ट्या काढल्यावर उघड्या फटीवर लगेच मास्किंग टेप लावली. लोखंडाचा एक कण जरी आत गेला तरी चुंबक तो सोडत नाही.

परवा रात्री पुन्हा २५ हर्ट्झ. कोन आत-बाहेर हलताना दिसतोय आणि घासण्याचा आवाज अजिबात नाही! मी पाच मिनिटं कान लावून बसलो होतो. काल डस्ट कॅप बसवली, आज तबला लावला. अण्णा आतल्या खोलीतून म्हणाले, “डग्गा घुमायला लागला की रे.”

उजव्याचा फोम खरवडून झालाय. त्याची डस्ट कॅप पहिल्यापासूनच काढणार आहे.