माहेरच्या फाटकातली दोन डॉलरची चिठ्ठी

कोलोरॅडोतल्या लाँगमाँटला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून लाँग्ज पीक दिसत असे. चहा उकळेपर्यंत त्या १४,२५९ फुटी शिखराकडे पाहायचे आणि माथ्यावर ढग किती आहेत यावरून शनिवारचा बेत ठरवायचा, ही आमची अकरा वर्षांची सवय होती. बेत तरी कसला, डब्यात थालीपीठ आणि दही भरायचे, तासाभरात रॉकी माउंटन नॅशनल पार्कचे फाटक गाठायचे, वर्षाचा पास दाखवायचा आणि आत शिरायचे. त्यामुळे २०२४च्या सप्टेंबरात आता राहतो त्या टेक्सासमधल्या ह्यूस्टनहून दोन दिवस गाडी हाकून त्याच फाटकाशी पोहोचल्यावर गणवेशातल्या एका तरुण मुलीने ‘तुमची वेळ कितीची?’ असे विचारले, तेव्हा मला प्रश्नच समजला नाही.

नियम माझ्या कानावर आला नव्हता असे नाही, पण तो पर्यटकांसाठी असणार असे मी गृहीत धरून बसले होते. उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत पार्कमधल्या बेअर लेक या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाच ते संध्याकाळी सहा आणि पार्कच्या उरलेल्या भागात सकाळी नऊ ते दुपारी दोन या वेळात आत जायचे असेल, तर आधी संगणकावरून वेळ राखून ठेवावी लागते. त्याचे दोन डॉलर पडतात, प्रवेशशुल्क वेगळे. सकाळचे दहा वाजले होते आणि आमच्याकडे काहीच नव्हते. तेव्हा मी जे बोलले ते आठवून आजही ओशाळायला होते. मी म्हणाले, ‘आम्ही इथे अकरा वर्षे राहत होतो.’ ती मुलगी हसली, कुत्सितपणे नव्हे, पण तिची नजर आमच्या गाडीच्या टेक्सासच्या पाटीवर गेली आणि मी गप्प झाले. लाँगमाँटला असताना घाटात हळू चालणारी, वळणावर मध्येच थांबून फोटो काढणारी प्रत्येक गाडी टेक्सासची असते, असा आमचा ठाम सिद्धान्त होता. साताऱ्याला एमएच ११ची माणसे एमएच १२कडे ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने आम्ही त्या गाड्यांकडे पाहत असू.

दोन डॉलरचा प्रश्न नाही, हे मी नवऱ्याला फाटकाबाहेरच्या एस्टेस पार्क या गावात कॉफी पिताना तीनदा सांगितले. प्रश्न असा आहे की डोंगरावर जायची इच्छा सकाळी उठल्यावर होते, महिनाभर आधी होत नाही. ढग पाहून बेत बदलता येत नसेल, तर तो डोंगर कसला, ती दातांच्या डॉक्टरची वेळ झाली. शिवाय पुढच्या महिन्याच्या वेळा १ तारखेला सकाळी आठला खुल्या होतात आणि त्याच मिनिटाला संगणकासमोर बसणे ज्यांना परवडते त्यांनाच त्या मिळतात. थोड्या वेळा मागे ठेवून त्या आदल्या संध्याकाळी सातला सोडतात, त्यासाठी त्या रात्री आम्ही तिघे तीन फोन घेऊन बसलो आणि तिघांच्याही हाती काही लागले नाही. दुसऱ्या बाजूने हेही मान्य करायला हवे की आम्ही २००६ मध्ये तिथे राहायला गेलो तेव्हा वर्षाला तीस लाखांच्या आत माणसे येत असत आणि २०१९ मध्ये तो आकडा ४६ लाखांच्या पुढे गेला होता. बेअर लेकचा वाहनतळ सकाळीच भरून रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागायची, ते मीही पाहिलेले आहे, किंबहुना त्या रांगेत आमचीही गाडी असे.

याच विषयावर काही वर्षांपूर्वी मी भावाशी फोनवर भांडले होते. कासला ऑनलाइन पास सुरू झाल्याचे कळल्यावर मी ह्यूस्टनमध्ये बसून ‘बरे झाले, आता तरी शिस्त लागेल’ असे म्हणाले होते आणि लहानपणी यवतेश्वरचा घाट माझ्याबरोबर सायकल ढकलत चढलेला भाऊ चिडून म्हणाला होता, ‘ज्या कासच्या तलावाचे पाणी प्यायलो, तिथला तेरडा बघायला आता पास काढू काय?’ मी त्याला जागतिक वारसा, पर्यावरण वगैरे बरेच ऐकवले होते. फाटकातून परतताना त्याचेच शब्द माझ्या तोंडी आले होते, फक्त ते ऐकायला तो नव्हता.

त्या मुलीने मात्र जाताना सांगितले होते, ‘सहानंतर या, तेव्हा काहीच लागत नाही आणि खरी गंमतही तेव्हाच असते.’ सहाला पाच मिनिटे कमी असताना आम्ही पुन्हा फाटकात होतो. मोरेन पार्कच्या कुरणात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी पाचनंतर पाय ठेवायला मनाई असते, म्हणून सगळी माणसे रस्त्याच्या कडेला न बोलता उभी होती. हा माजाचा काळ. सांबराच्या कुळातला, पण त्याहून दांडगा असा एक एल्क नर पिवळ्या गवतातून चालत आला. त्याच्या शिंगांत उपटलेल्या गवताचा झुपका अडकला होता. मान मागे टाकून त्याने आवाज काढला, तो घशातल्या घरघरीने सुरू होऊन बारीक, लांब शिटीसारखा चढत गेला आणि शेवटी दोन-तीन हुंकारांत मोडला. त्याच्या तोंडातून वाफ निघताना दिसली. एवढ्या धिप्पाड देहातून एवढा किनरा आवाज यावा, याचे मला अकरा वर्षांत कधी नवल वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नऊच्या आत फाटक ओलांडून आम्ही ट्रेल रिज रोडने वर गेलो. १९३२ मध्ये खुला झालेला हा ४८ मैलांचा रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंच चढतो आणि त्यातले अकरा मैल झाडे जिथे संपतात त्याच्याही वरून जातात. डेन्व्हर शहरच मुळी जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर वसलेले आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना याचे काही वाटत नाही. आम्हाला मात्र या वेळी पायऱ्या चढताना धाप लागली. तिथल्या खडकावरच्या वीतभर मातीत वाढणारी बोटभर झाडे तुडवली गेली तर सावरायला कित्येक दशके घेतात, म्हणून पायवाट सोडायची नाही. कासच्या जांभ्यावरचा मातीचा थरही असाच पातळ आहे, हे भावाला सांगायचे राहून गेले.

केनोशा पास या खिंडीत अ‍ॅस्पेनची झाडी सोन्यासारखी झाली होती. एकाच मुळापासून फुटलेल्या खोडांचा अख्खा जथा एकदम रंग बदलतो, ते पाहायला आम्ही दरवर्षी जात असू, आणि तिथे अजून चिठ्ठी लागत नाही, हे मुद्दाम सांगते. सिल्व्हर्टन ते उरे हा रस्ता मात्र फक्त शूरांसाठी आहे, कारण बर्फ दरीत ढकलता यावा म्हणून त्याला कित्येक ठिकाणी कठडाच ठेवलेला नाही. आंबेनळी घाटाला नावे ठेवणाऱ्यांनी एकदा तिथून जाऊन यावे. ग्रेट सँड ड्यून्सच्या वाळूच्या टेकड्या या वेळी राहिल्या. तिथे मे-जूनमध्ये बर्फ वितळून मेडानो ओढा वाहतो, तळाशी वाळूचे लहान बांध बनतात आणि फुटतात, आणि घोटाभर पाण्यात चक्क लाटा येतात. समुद्रापासून इतक्या दूर माझी मुलगी पहिल्यांदा लाटेला घाबरली ती तिथे.

आम्ही ते सोडून का आलो, असे सगळेच विचारतात. सासूबाईंना त्या उंचीवर नीट झोप लागत नव्हती, नवऱ्याला इथे चांगली नोकरी मिळाली आणि मे महिन्यातही बर्फ उपसण्याचा मला खरोखरच कंटाळा आला होता. ह्यूस्टनमध्ये गणपतीला शंभर घरांतून प्रसाद येतो, ताजे कढीलिंब अंगणात वाढते. जमीन सपाट आहे, एवढेच.

२०२५च्या सप्टेंबरच्या वेळा १ ऑगस्टला सकाळी, आमच्या घड्याळात नऊ वाजता, खुल्या होणार होत्या. त्या दिवशी शुक्रवार होता आणि नऊला माझी ऑफिसची बैठक होती. ती मी आधीच साडेनऊवर ढकलून ठेवली होती.