दोन टामी आणि बाबांचा गुडघा

मंगळवार, रात्र

गाडी तीन दिवस झाले पार्किंगमध्ये पुढच्या चाकाविना उभी आहे, इंजिनाखाली दुधाचा क्रेट लावून. वॉचमन काका रोज सकाळी विचारतात, "साहेब, चाक चोरीला गेलं का?"

हीरोची एक्सपल्स २०० मोटारसायकल, सेकंडहँड, ऐंशी हजारांत घेतलेली. घेतानाच ठरवलं होतं की तयारीवर वीस हजारांच्या वर रुपया घालायचा नाही आणि जूनच्या शेवटी मनालीहून हिमाचलच्या स्पितीतलं काझा गाठायचं. मग महिनाभर जागून याद्या केल्या. क्रॅश गार्ड, फॉग लाइट, अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, उंच काच, मोबाईलचा होल्डर. बेरीज बेचाळीस हजार. गाडी मुळात धड आहे का, हे मात्र त्या यादीत कुठेच नव्हतं. मांडव, केटरर, बँड सगळं ठरलंय आणि नवरीला ताप आहे हे कुणी बघितलंच नाही, त्यातला प्रकार.

धायरीतल्या मेस्त्रींनी यादी वाचलीसुद्धा नाही. "ती खिशात ठेवा. आधी पुढचं चाक उचला." चाक अधांतरी झाल्यावर त्यांनी शॉकअप खालून धरायला लावले आणि म्हणाले, मागे-पुढे हलवा. ठक्. आवाजापेक्षा हाताला जास्त कळलं. मग हँडल एका बोटाने हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवायला सांगितलं. बरोब्बर मधोमध आल्यावर ते किंचित अडकलं, जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरला खाच लागते तसं. कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, गेलेला. आधीच्या मालकाने प्रेशरच्या पाण्याने धुऊन धुऊन गाडी चकचकीत ठेवली असणार. त्यात ग्रीस वाहून गेलं आणि बेअरिंगने वाटीत आपली जागा कोरून घेतली. डांबरावर याचा फारसा पत्ता लागत नाही. दगडांत हँडल त्या खाचेत बसायला बघतं आणि आपल्याला वाटतं, आपल्यालाच चालवता येत नाही. मागच्या महिन्यात सिंहगडाच्या पायथ्याच्या कच्च्या वाटेवर मी स्वतःला किती शिव्या घातल्या होत्या!

नाना पेठेत कोन सेट मिळाला. शिवाय चेन सॉकेट (चेन आणि तिची दातेरी चक्रं), ब्रेक पॅड, क्लच केबल, दोन एअर फिल्टर. पुढचं सॉकेट एक दात कमीचं घेतलं, ते मुद्दाम. काझाच्या वाटेवरची कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम सत्तावन्न टक्के. इंजेक्शनची गाडी पेट्रोल आपोआप कमी करेल, पण हवा आणणार कुठून? कागदावरची अठरा अश्वशक्ती तिथे दहा-अकरावर येते. एक दात कमी केल्याने ती ताकद वाढत नाही, पण पहिल्या गिअरमध्ये चढाला क्लच जाळत बसावं लागत नाही.

शुक्रवार

पंक्चर.

या गाडीला एकवीस इंची आणि अठरा इंची स्पोकची चाकं, आत ट्यूब. ट्यूबलेस टायरसारखी भोकात रबराची दोरी खुपसून मोकळं व्हायची सोय नाही. मनाली सोडल्यावर पंक्चरवाला भेटेलच अशा भरवशावर जाणं म्हणजे लग्नाला निघून मुहूर्त विचारण्यासारखं. तेव्हा संध्याकाळी सरावासाठी पार्किंगमध्ये बैठक मारली. दोन टामी (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), साबणाचं पाणी, सोल्युशन, पॅच, पायाने मारायचा पंप.

पहिल्यांदा एक तास पन्नास मिनिटं. टायरची कड रिमवरून सुटेचना. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्यांची बुलेट मागून आणली आणि टायर तिच्या साइड स्टँडखाली सरकवून दाबला, तेव्हा कुठे ती सुटली. ट्यूब बदलली, टायर चढवला, हवा भरली. फुस्स. चढवताना माझ्याच टामीने नव्या ट्यूबला चिमटा काढला होता.

बाबा तोवर गॅलरीत चहा पीत बघत होते. भोसरीत चौतीस वर्षं फिटर होते ते. कप ठेवून खाली आले, लुंगी सावरून टायरवर गुडघा टेकवला.

"हे बघ. खालची कड रिमच्या मधल्या खोबणीत उतरली का? ती तिथे उतरली की वर आपोआप ढील मिळते. तू वरून जोर लावतोयस, खाली टायर उभाच आहे."

"मग खाली कोण धरणार? हात दोनच आहेत."

"गुडघे आहेत ना? ट्यूबमध्ये थोडी हवा ठेव, म्हणजे गोळा होऊन टामीखाली येणार नाही. आणि शेवटची वीतभर कड टामीने नाही, तळव्याने."

ती वीतभर कड तळव्याने दाबली आणि टायर 'टप्प' करून आत बसला. तो आवाज मला आयुष्यभर पुरेल. दुसऱ्यांदा पंचावन्न मिनिटं लागली. तिसऱ्यांदा बाबा घड्याळ लावून बसले, तेव्हा एक्केचाळीस. तळवे सोलवटलेत, नखांत काळं गेलंय, उद्या ऑफिसात प्रेझेंटेशन आहे.

सोबत जादाची ट्यूब एकच घेणार, पुढच्या चाकाची. अडचणीत एकवीसची ट्यूब अठराच्या टायरात दुमडून बसते, उलटं काही होत नाही.

निजायच्या आधी बाबांनी छोटा पाना घेऊन एकेक स्पोक वाजवून बघितला. ताणलेला टणटणतो, सैल असला की थद्द बोलतो. मागच्या चाकात चार थद्द निघाले. मेस्त्रींकडे परत जाणं आलं.

रविवार

पानशेत-वेल्हे-केळद करून आलो. मित्राने उसन्या दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या लावून, पूर्ण सामान भरून. तोरणा उजेडात यायच्या आत वेल्ह्याला पोचलो होतो, तिथवर गाडी पाण्यासारखी. हँडल तर असं की जणू वेगळीच गाडी.

केळदच्या पुढे, मढे घाटाच्या पठारावर, सुटे दगड. उताराला वेग चालण्याइतका, म्हणून सवयीने डावा पाय खाली टेकवला. गाडी पुढे सरकली, पाय मागे राहिला आणि पेटीची कड पोटरीवर येऊन बसली. पडलो नाही, पण दोन क्षण पाय पेटी आणि दगडाच्या मध्ये होता. वेग थोडा जास्त असता तर? पोटरीवर आत्ता आडवा निळा पट्टा आहे. आईला सांगितलं, पार्किंगमध्ये लागलं.

पेट्या परत. बोहरी आळीतून मेणकापड आणलं आणि पिशव्या शिवणाऱ्याकडून दोन खोगीर-पिशव्या शिवून घेतोय, शिलाईसकट अठराशे रुपये. त्यात पेट्यांइतकं सामान बसणारच नाही, हे बरंच आहे.

पेट्रोलचा कॅनही रद्द. सगळे म्हणतात घे, घे. टाकी तेरा लिटरची, मनाली ते काझा दोनशे किलोमीटर, वाटेतल्या चंद्रताल तलावाचा फाटा धरून थोडे जास्त. खालच्या गिअरमध्ये पंचवीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तरी सव्वातीनशे होतात आणि काझात पंप आहे. पाच लिटर पेट्रोल पाठीशी बांधून ओढ्यात उतरायचं कशाला? ओढेसुद्धा सकाळीच ओलांडायचे. दुपारी बर्फ वितळलं की पाणी चढतं.

एकूण खर्च एकोणीस हजार सातशे. फॉग लाइट राहिला. रात्री चालवायचीच नाही.

गुरुवार

गाडी झेलम एक्सप्रेसमधून अंबाल्याला जाणार, सोळा-सतराशे किलोमीटर डांबर तुडवून नवे टायर कशाला झिजवायचे. पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आज चौकशी केली. आरसीची झेरॉक्स, ओळखपत्र, गोणपाटाचं पॅकिंग आणि टाकी कोरडी. अगदी कोरडी, म्हणाले.

आणि मी शहाण्याने कालच टाकी गळ्यापर्यंत भरलेली.

घरी येऊन सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. रबरी नळी आणली, स्कूटरचं झाकण उघडलं, नळीचं एक टोक माझ्या टाकीत सोडलं. स्कूटर पाच लिटरला भरली. मग त्यांनी इंटरकॉम उचलला आणि तिसऱ्या मजल्यावर लावला.

"बुलेटमध्ये जागा आहे का हो? पेट्रोल आहे, कालचंच. हो हो, पंपाच्याच भावाने."