पस्तीस लाखांत घर बघताय? आधी हे आकडे बघा

प्रधानमंत्री आवास योजनेतून होमलोनवर सबसिडी मिळते का, हे मला सारखं कोणीतरी विचारतं, ऑफिसात, लोकलमध्ये, परवा तर एका बारशाला पण विचारलं. मिळते. १ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा शहरी २.० टप्पा चालू आहे आणि त्यात व्याजाचं अनुदान आहे, पण मुंबईतल्या माणसाने त्या भरवशावर बिल्डरला टोकन देऊन टाकू नये असं माझं ठाम मत आहे.

आकडे असे आहेत. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, लोन २५ लाखांपर्यंत, कार्पेट (म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा) १२० चौरस मीटरपर्यंत. यात बसलात तर लोनच्या पहिल्या ८ लाखांवर व्याजात ४ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही एकदम नाही, पाच वार्षिक हप्त्यांत आणि थेट लोनच्या खात्यात जमा होणार. म्हणजे तुमच्या हातात काही येत नाही आणि घर घेताना जी पैशाची ओढाताण असते तेव्हा तर अजिबातच येत नाही.

आता १२० चौरस मीटर कार्पेट ३५ लाखांत मुंबईत कुठे मिळणार ते राहू द्या, मुंबई पालिकेच्या हद्दीत त्या पैशात धड वन रूम किचन मिळताना मारामार आहे. त्यामुळे ही योजना घेणारा माणूस वांगणी, बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरार असाच सरकत जातो. तिथे ३५ लाखांचा वन बीएचके घेतला असं धरू. योजनेसाठी लोन २५ च्या वर जाता कामा नये, म्हणजे १० लाख खिशातले. वर स्टॅम्प ड्युटी ६-७ टक्के (कुठल्या हद्दीत आहे त्यावर), रजिस्ट्रेशनचे ३० हजार, आणि हे दोन्ही घराच्या किमतीत धरून लोन देता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, १० लाखांपर्यंतचं घर असेल तरच त्यात सूट आहे. झाले साडेबारा लाखांच्या आसपास.

आणि गंमत नाही, खरंच नीट समजून घ्यायची गोष्ट इथे आहे. रिझर्व्ह बँक ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत लोन द्यायला बँकांना परवानगी देते. म्हणजे पगार पुरत असेल तर त्याच ३५ लाखांच्या घराला ३० लाख लोन मिळू शकतं, तेव्हा स्वतःचे ५ लाख अधिक ड्युटी. पण मग सबसिडी गेली. थोडक्यात १ लाख ८० हजारांसाठी तुम्हाला आज ५ लाख जास्त उभे करायचेत. ज्याच्याकडे ते आहेत त्याने जरूर करावं, हप्ता पण कमी होतो. पण जो ते ५ लाख सोनं मोडून नाहीतर पर्सनल लोन काढून आणणार आहे त्याला मी हात जोडून सांगते की नको, पर्सनल लोनचं व्याज ती सबसिडी कधी खाऊन टाकेल कळणार पण नाही.

हप्त्याचं बोलायचं तर २५ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर महिना २१,७०० च्या आसपास. घरात ४५ हजार येत असतील तर बँकवाला इथेच नकाराची मान हलवायला लागतो.

अजून एक अट लोकांना कोणी सांगतच नाही. अनुदानाचा हप्ता येताना लोन चालू पाहिजे आणि मुद्दलाची निम्म्याहून जास्त रक्कम बाकी पाहिजे. फ्लोटिंग (व्याजदर बदलत राहणारं) लोन आधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही, त्यामुळे पीएफचे किंवा गावची जमीन विकल्याचे पैसे आले की लोक पटकन लोनमध्ये भरून मोकळे होतात. भरा, पण किती भरताय आणि सबसिडीचे किती हप्ते राहिलेत ते बघून भरा.

गावावरून आठवलं, भारतात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसलं पाहिजे अशी अट आहे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. आपल्या कोकणातल्या, साताऱ्याकडच्या लोकांनी गावच्या घराची घरपट्टी कोणाच्या नावाने येते ते आधी बघा. सासऱ्यांच्या नावाने येत असेल तर वेगळी गोष्ट, पण ते गेल्यावर नवऱ्याचं नाव लागलं असेल तर शपथपत्रावर सही करायच्या आधी थांबा.

आणि "सरकारची गॅरंटी आहे, टेन्शन नको" असं कोणी एजंट म्हणाला तर त्याला विचारा गॅरंटी कोणाला. कमी उत्पन्नवाल्यांच्या घरकर्जासाठी केंद्राचा गॅरंटी फंड आहे, या टप्प्यात तो १,००० कोटींवरून ३,००० कोटी केला, चांगलंच आहे, त्यामुळे बँका छोट्या पगारवाल्याला दारात तरी उभं करतात. पण ती गॅरंटी बँकेचं नुकसान भरून काढायला आहे. तुमचे हप्ते ९० दिवसांवर थकले की खातं एनपीए म्हणजे बुडीत धरलं जातं, मग सरफेसी या वसुलीच्या कायद्याची ६० दिवसांची नोटीस, मग घराचा ताबा. त्यात योजनेचं घर म्हणून कोणी सोडत नाही.

बँकेने लोन दिलं म्हणजे बिल्डिंग क्लिअर, हे पण डोक्यातून काढा. डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं आठवा, खोट्या परवानग्या दाखवून महारेराचा (रेरा कायद्याखाली बिल्डरांचे प्रकल्प नोंदवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) नंबर मिळवला होता, लोकांची बँकांची होमलोनं चालू होती आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या. ती माणसं आठवली की मला अजून पोटात खड्डा पडतो. म्हणून महारेराचा नंबर बघितल्यावर पण पालिकेत जाऊन बांधकाम परवानगी खरी आहे का ते स्वतः विचारून या, आणि रजिस्टर ॲग्रीमेंटच्या आधी १० टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, रेरा कायद्यातच तसं आहे.

माझं सरकारकडे मागणं एवढंच आहे की ३५ लाखांची मर्यादा मुंबई महानगरासाठी वेगळी करा. म्हाडाच्या लॉटरीत अत्यल्प गटाची उत्पन्नाची मर्यादा आपल्याकडे आणि पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत ६ लाख आणि बाकी महाराष्ट्रात साडेचार लाख आहे ना, म्हणजे इथला खर्च वेगळा आहे हे सरकारला मान्य आहे. मग घराच्या किमतीला तोच न्याय लावायला काय हरकत आहे? कुर्ल्याला, भांडुपला, गोवंडीला भाड्याने राहणाऱ्या आणि तिथेच कामाला जाणाऱ्या माणसाला आज ही योजना घ्यायची तर आधी वांगणीला जावं लागतं, आणि पहाटेची गाडी पकडून परत तिथेच कामाला यावं लागतं.