वहीत २१ दिवस बाकी होते

त्या दिवशी माझं सगळं लक्ष थोरल्या शेळीकडे होतं. तिचे १४८ दिवस भरले होते. कास टरटरून फुगलेली, कातडी ताणून चकाकणारी, सड बाहेरच्या अंगाला कललेले. आदल्या संध्याकाळीच तिला वेगळ्या खणात घेतलं होतं. खाली कोरडं गवत अंथरलं, टिंक्चर आयोडीनची बाटली आणि धुतलेली फडकी हाताशी ठेवली. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, पाच दिवस इकडे-तिकडे. आज नाहीतर उद्या, असा माझा हिशेब.

सकाळी खुराक टाकताना मावशी म्हणाल्या, "काळी गव्हाणीला आली नाही बघ."

काळी पहिलारू होती, म्हणजे पहिल्यांदाच विणार होती. खुराकाची बादली वाजली की सगळ्यांना ढुशा देत पुढे येणारी.

"मावशी, तिला अजून एकवीस दिवस आहेत. पोटानं जड झाली असेल," मी म्हणालो. वहीतल्या लागवडीच्या तारखेपासून तिचा १२९ वा दिवस होता आणि कास अजून मुठीएवढीच.

"वहीत काय असेल ते असू दे. भिंतीकडे तोंड करून एकटी उभी आहे. शेपटीला हात तरी लावून बघ."

गेलो, पण पोटात गोळा आला होता. १२९ व्या दिवशी कळा सुरू झाल्या असतील तर करडू वाचण्याची आशा जवळजवळ नसतेच. काळी पुढच्या पायानं जमीन उकरत होती. बसायची, लगेच उठायची, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची. आणि घशातल्या घशात हलकं काहीतरी बोलत होती. शेळी भुकेनं ओरडते तो आवाज निराळा. नुकत्या जन्मलेल्या करडाशी बोलताना ती जसा आवाज काढते, तसा हा होता. कुशी आत गेलेल्या, पोट खाली उतरलेलं.

शेपटीच्या मुळाशी, कण्याच्या दोन्ही बाजूंनी मागे उतरत जाणारे दोन दोर असतात. एरवी ते पेन्सिलीएवढे जाड आणि टणक लागतात. व्यायचे दिवस जवळ आले की ते सैल पडत जातात, आणि ज्या दिवशी बोटांना सापडतच नाहीत त्यानंतर बहुधा २४ तासांच्या आत शेळी विते. हे ओळखायचं तर गाभण शेळीच्या पाठीवर रोज हात फिरवायला हवा. कालचा टणकपणा बोटांना ठाऊक नसेल तर आजचा सैलपणा कळत नाही. काळीच्या पाठीवर मी कित्येक दिवस हात ठेवला नव्हता. आता अंगठा आणि बोट शेपटीच्या हाडाला दोन्हीकडून लावलं, तर ती खाली जवळजवळ एकमेकांना भिडली. शेपटी निर्जीव असल्यासारखी सैल. दोर नव्हतेच.

तेवढ्यात निरणीतून, म्हणजे योनीतून, चिकट स्रावाचा लांब सोट लोंबू लागला. थोडा पांढुरका स्राव कधीकधी बरेच दिवस आधीपासून दिसतो, त्यावर मी विसंबत नाही. असा तुटता न तुटणारा सोट दिसला की मात्र तास मोजायचे.

डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "वहीतल्या या तारखेच्या आधी तिला बोकड दाखवला होता का?"

वहीचं मागचं पान उलटलं. बरोबर २१ दिवस आधीची एक तारीख होती, माझ्याच हातानं खोडलेली. पुढच्या पाळीला ती पुन्हा शेपटी हलवत ओरडायला लागली, म्हणून पहिली लागवड वाया गेली असं मी धरलं होतं. काही शेळ्या गाभण असतानाही माजाची लक्षणं दाखवतात, हे माहीत असून. म्हणजे आज १५० वा दिवस!

पाणमोट फुटली. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा तास गेला तरी एकच खूर आणि नाक दिसत होतं. डॉक्टर वाटेत होते, फोन चालूच. नखं कापली, हात साबणानं धुऊन भरपूर तेल लावलं. दोन कळांच्या मधल्या वेळात करडाला हलकेच मागे सारलं, दुमडलेला पाय शोधला, आतून इजा होऊ नये म्हणून खूर तळहातात झाकून पुढे आणला. पुढच्या कळेला, खालच्या दिशेनं ओढत, करडू बाहेर आलं. मावशींनी नाकातोंडातला चिकटा पुसला. अंगभर दाट केस, पुढचे दात वर आलेले. पुरे दिवस भरलेलं करडू! त्या दातांवरून बोट फिरवताना माझे हात थरथरत होते. दुसरं पंधरा मिनिटांत आपसूक आलं.

नाळेला आयोडीन लावून दोघांना सडाला लावलं तेव्हा काळीची कास भरायला लागली होती. पहिलारूंचं असं होतं, काहींची कास अगदी व्यायच्या वेळीच उतरते. तासाभरात दोघांच्या पोटात चीक गेला. डॉक्टरांनी तिला तपासलं, गर्भाची वार संध्याकाळपर्यंत पडली.

दिवेलागणीला थोरलीच्या खणात गेलो आणि शेपटीच्या मुळाशी बोटं ठेवली. दोन्ही दोर टणक होते. ती पाचव्या दिवशी व्याली.