घरच्यांसाठी

आषाढात गोव्यात फोंड्याकडे पाऊस एकदा लागला की संध्याकाळी घराबाहेर पडण्याचे कारण उरत नाही. १ जूनपासून दोन महिने मासेमारीही बंद असल्यामुळे मासळीबाजाराची फेरी चुकते. यंदा अशा रिकाम्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका पाहून संपवली. २००८ ते २०१३ या काळात तिचे ६२ भाग झाले. जगाचे पाहून झाल्यावर आमची पाळी आली. ऐन रंगात आले की वीज जायची आणि ती येईपर्यंत नायकाचा न्यायनिवाडा अंधारातच चालायचा. सौभाग्यवती समोर सूप घेऊन फणसाची बिकणां, म्हणजे आठळ्या, सोलत बसलेली असे आणि तिचा निवाडा माझ्याहून कडक असे.

हा नायक वॉल्टर व्हाइट आल्बुकर्की शहरातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. पन्नाशीचा, मवाळ, शाळा सुटल्यावर मोटारी धुण्याच्या ठिकाणी दुसरी नोकरी करणारा. त्याला फुप्फुसाचा कर्करोग निघतो. घरी गरोदर बायको आणि अपंग मुलगा. आपल्यामागे यांचे कसे होणार, या चिंतेने तो एका जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मेथ नावाचा अमली पदार्थ बनवू लागतो. मी स्वतः सदतीस वर्षे विज्ञान शिकवले असल्यामुळे त्याची बाजू घेणे मला फारच सोपे गेले.

लहानपणी देवळातल्या काल्यात, म्हणजे दशावतारी खेळात, संकासुर येई तेव्हा असला घोटाळा नसायचा. अंगभर काळा वेश आणि लोंबणारी लाल जीभ घेऊनच तो प्रवेश करी, आणि वेद चोरणारा हाच हे मांडवातल्या पोरासोरांनाही कळे. वॉल्टर आधी खाकी रंगाच्या ढगळ कपड्यांत येतो. डोक्यावरची काळी हॅट पुढे येते, आणि ती तो हौसेने घालतो.

सुरुवातीला त्याचा हात खरोखरच थरथरतो. तळघरात डांबून ठेवलेल्या माणसाला मारावे की सोडावे, याचा तो कागदावर दोन रकाने करून हिशेब मांडतो. सोडण्याच्या बाजूला बरीच कारणे जमतात. मारण्याच्या बाजूला एकच, की हा सुटला तर आपल्या घरच्यांना ठार करील. तरीही तो सोडायचेच ठरवतो. मग फुटलेल्या थाळीचे तुकडे कचऱ्याच्या डब्यातून काढून ओट्यावर एकेक जुळवत बसतो, आणि सुरीसारखा एक लांबट तुकडा त्या कैद्याने लपवून ठेवल्याचे त्याच्या ध्यानात येते. तो प्रसंग पाहताना आमच्या घरी बिकणां सोलण्याचा आवाजही थांबला होता.

मात्र त्याच्या अधःपाताची सुरुवात मी त्या कैद्याच्या खुनापासून धरत नाही. तरुणपणी मित्रासोबत काढलेल्या कंपनीतला आपला वाटा त्याने अवघ्या ५ हजार डॉलरना विकलेला असतो आणि पुढे तीच कंपनी २१६ कोटींची होते. ते आकडे तो दर आठवड्याला पाहतो. आजाराची बातमी कळल्यावर तो मित्र त्याला विम्यासकट नोकरी देऊ करतो, मित्राची बायको उपचारांचा सगळा खर्च उचलायला तयार होते. घरच्यांचीच काळजी असती तर गोष्ट तिथेच संपली असती. हा मात्र नकार देऊन पुन्हा मेथ बनवायला जातो, आणि घरी सांगतो की पैसे तेच देत आहेत. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभ जळायला लागल्यावरच पिळाला जोर चढला.

पुढचे सारे या नकाराचे व्याज आहे. घरच्यांसाठी ७ लाख ३७ हजार डॉलर पुरे, असा हिशेब तो एकदा करतो. रक्कम त्याच्या कितीतरी पलीकडे जाते, तरी हात थांबत नाही. एक तरुणी झोपेत वांती होऊन गुदमरते आणि हा शेजारी उभा राहून पाहतो. लहान मुलावर विषप्रयोग करण्यापर्यंत मजल जाते. मला त्याहून भयंकर वाटली ती शीळ. टोळीतल्या एकाने एका निरपराध पोराला गोळी घातलेली असते, त्यामुळे आपली झोप उडाल्याचे हा गंभीरपणे सांगतो, आणि पाठ फिरताच कामाच्या नादात शीळ घालू लागतो. शेवटच्या भागात तो बायकोजवळ कबूल करतो की हे आपण स्वतःसाठी केले, आपल्याला ते आवडत होते. उरलेले ९७ लाख २० हजार डॉलर मुलापर्यंत पोचवायला त्याला त्याच मित्राच्या दारी जावे लागते, आणि तेही त्यांच्याच नावाने दान म्हणून.

हे पाहून झाले आणि वीज गेली. अंधारात सौभाग्यवती म्हणाली, “आपल्या नळ्यांचं आठवतं ना?”

आठवत होते. लग्नानंतर चौथ्या वर्षी नळ्यांच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचे वासे कुजले होते. मुंबईचा आतेभाऊ खर्च द्यायला निघाला होता आणि मी “गरज नाही” म्हणून सांगितले. मग नियमात न बसणाऱ्या शिकवण्या दोन वर्षे केल्या, रात्री नऊला घरी येई, कोणी काही बोलले की “हे तुमच्यासाठीच चाललंय ना?” म्हणून तोंड बंद करी. त्या दोन्ही पावसाळ्यांत हिने पाळण्याशेजारी कळशी लावून रात्री काढल्या होत्या.

“वॉल्टर आणि मी यात थोडा फरक आहे,” मी म्हणालो.

“थोडा आहे,” ती म्हणाली. सुपातली बिकणां अंधारात चाचपत तिने सांगितले, की आतेभावाचा दुपारी फोन येऊन गेला, गणेश चवथीला तो येतो आहे, आणि यंदाच्या माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे, सगळे सामान आपण घेणार म्हणतो.

“माटोळीचं सामान आपल्या बाजारातसुद्धा...” मी सुरू केले, एवढ्यात वीज आली.