तर्रीच्या गावात अक्कलदाढ

साध्या दातदुखीचं एक बरं असतं, ती आतल्या आत राहते. अक्कलदाढ येताना गाल फुगवून येते, आणि नागपुरात फुगलेला गाल घेऊन घराबाहेर पडलं की दुखणं आपल्या एकटीचं राहत नाही. सोसायटीच्या गेटपासून धरमपेठेतल्या ऑफिसच्या लिफ्टपर्यंत सगळ्यांची चौकशी सुरू. "काय भरून राहिली बाप्पा सकाळी सकाळी तोंडात?" असं ऑटोवाल्या काकांनी विचारलं, त्यात त्यांची चूक नाही. पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालात दाबून फोनवर बोलणारी माणसं त्यांना दिवसभर दिसतात. दाढ येतेय म्हटल्यावर त्यांनी आरशातून माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं आणि उपाय सांगितला: थोडी मशेरी लाव. अकलेवरचे विनोद ऑफिसात सगळ्यांनी करून झालेत, ते इथे परत नकोत.

या दाढा साधारण 17 ते 25 या वयात येतात. तोवर जबड्यात बाकीच्यांनी जागा धरलेली असते. भरल्या पंगतीत शेवटी येऊन कोपऱ्यात तिरकं बसणाऱ्या पाहुण्यासारखी ही दाढ अर्धी वर येते आणि अडकते. वरून हिरडीची झडप तशीच राहते. झडपेखाली अन्न जातं, ब्रश पोचत नाही, मग जंतू, मग सूज. सूज आली की वरची दाढ प्रत्येक घासाला नेमकी त्या सुजेवरच आदळते. हे मला सगळ्यात दुष्टपणाचं वाटलं. म्हणजे आपणच आपल्याला चावत बसायचं.

उपायांच्या बाबतीत घरात तीन पक्ष पडले. आई मीठपाण्याच्या गुळण्यांची. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर दर वेळी, आणि पाणी त्या बाजूला जरा धरून ठेवायचं. शेजारच्या काकू लवंगवाल्या. लवंगेतल्या युजेनॉलने खरंच बधिरपणा येतो. दाताच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो वास येतो तोही बराचसा लवंगेचाच. पण निव्वळ तेलाचा बोळा हिरडीवर दाबून ठेवला तर हिरडी भाजते. खोबरेल तेलात एखादा थेंब पुरे. मामाचा पक्ष मात्र मी साफ नाकारला. गरम कपड्याने बाहेरून शेक, वर दुखण्याची गोळी कुटून थेट हिरडीवर. गोळी गिळायची असते, मामा. आणि बाहेरून गार लावायचं, गरम नाही. मे महिन्यातल्या नागपुरात रुमालात बर्फ गुंडाळून गालाला लावून बसणं हा उपचार कमी आणि चैन जास्त, हेही खरंच.

औषधाच्या दुकानात गेले तर तिथल्या मुलाने गाल बघूनच अँटिबायोटिक कापून पुढे केलं. चिठ्ठी नको, काही नको. ते न घेता मी साधी दुखण्याची गोळी घेऊन निघाले. झडपेखाली अडकलेलं तिथेच असताना वरून अँटिबायोटिक घेऊन काय होणार? ते लागतं ताप आला, सूज पसरायला लागली तर. आणि सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला, तर गुळण्याबिळण्या सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथे कोणीही जाऊ शकतं.

खरी पंचाईत जेवणाची. या शहरातलं एकही चांगलं खाणं बंद तोंडाच्या माणसासाठी केलेलं नाही. सावजीचा रस्सा सुजेवरून गेला की डोळ्यांतून येतो. पाटवडी मऊ असते म्हणून आशेने घेतली, पण ती ज्या रश्श्यात बसलेली असते त्याचं काय करायचं? उरली खिचडी, कढी, दहीभात. रविवारी घरात सगळे तर्री पोहे खात होते आणि मी केळं कुस्करत होते. संत्रा बर्फी तेवढी चालली.

डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. आपलीच तीन बोटं उभी मावायला हवीत. माझं एक मावत होतं. त्यांचा पहिला प्रश्न, "खर्रा?" मी नाही म्हणून मान हलवली. तरी त्यांनी टॉर्च मारून दोन्ही गाल आतून बघितलेच. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होत जाते, तोंड हळूहळू मिटत जातं आणि पहिल्यासारखं होत नाही. इथल्या डॉक्टरांना ते रोजचंच. माझं सुजेमुळे मिटलेलं आहे म्हटल्यावर ते एकदम प्रेमाने बोलायला लागले.

मग बोथट सुईच्या सिरिंजने झडपेखाली पाणी मारलं. पहिल्या पिचकारीला कळ डोक्यात गेली. दुसरीला काहीतरी सुटलं. चिमट्याच्या टोकाला त्यांनी ते मला दाखवलं: हरभऱ्याचं साल, नखाएवढं, कडेला अजून तर्रीचा लाल रंग. कोणत्या प्लेटमधलं ते मला सांगता आलं नसतं. तासाभरात ठणका निम्म्याने उतरला.

दाढ लगेच काढत नाहीत. सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही, म्हणून आधी सूज उतरू द्यायची. अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला, कारण खालच्या दाढेच्या मुळाशी ओठाला संवेदना देणारी नस असते, ती किती जवळ आहे ते बघावं लागतं. माझी थोडी लांब निघाली. तेवढ्यात डॉक्टरांचं बोट दुसऱ्या बाजूला सरकलं. "ही डावीकडची पूर्ण आडवी आहे. आज ना उद्या हिचंही बघावं लागेल."

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मग दोन्ही एकदमच काढून टाक म्हणा त्यांना," ती म्हणाली, "ऑटोचं भाडं तरी वाचेल."