ताई, ही पर्स कुठून घेतलीत?

लेडीज डब्यात मांडीवर ठेवलेली माझी तपकिरी पर्स बघून वर्षातून चार-पाच जणी तरी विचारतात, "ताई, कुठून घेतलीत?" गेल्या आठवड्यात एका मुलीनं त्यापुढचंही विचारलं. पहिला पगार झालाय, एकच पर्स घ्यायची आहे, रोज वापरूनही दहा वर्षं टिकावी आणि तेव्हाही जुनाट दिसू नये. काय बघून घेऊ? कुर्ला येईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथे लिहिते, कारण तुम्हीही विचारलंत.

दुकानाचा पत्ता देऊन उपयोग नाही. धारावीतलं ते छोटं दुकान २०११ सालचं, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. आणि पत्त्यापेक्षा कामाची गोष्ट मी दुकानात शिकलेच नव्हते. ती मला स्टेशनबाहेर चपला-बॅगा शिवणाऱ्या काकांनी शिकवली.

त्याआधीच्या दोन पर्स अशाच गेल्या होत्या. पहिली काळी, चकचकीत. दुसऱ्या पावसाळ्यात तिचे पापुद्रे निघायला लागले आणि पांढऱ्या कुर्त्यावर काळा भुगा सांडायला लागला. दुसरी खऱ्या चामड्याची, चांगली महागडी. तिचं चामडं ठणठणीत होतं, पण दादरच्या पुलावर ऐन गर्दीत पट्ट्याची कडी उघडली आणि डबा, छत्री, पास सगळं लोकांच्या पायांत गेलं. ती घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी पर्सच्या चामड्याला हातही लावला नाही. अस्तर बाहेर काढून पट्ट्याच्या मुळाशी बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, घेताना उलटी करून बघत जा. पर्स इथे मरते."

तेव्हापासून मी पर्स समोरून बघायच्या आधी आतून बघते. सगळं ओझं पट्टा जिथे पिशवीला मिळतो त्या दोन जागी येतं. तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण आहे का? मुलांच्या दप्तराच्या पट्ट्याला असते तशी. आतून चामड्याचा किंवा जाड कापडाचा जास्तीचा तुकडा लावलाय का? कडीचा जोड डाक देऊन बंद केलेला आहे की तार नुसती वाकवून टोकं जवळ आणली आहेत? माझ्या दुसऱ्या पर्सची तार नुसती वाकवलेली होती. कडीजवळ लोहचुंबक नेऊन बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, आणि मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत वरचा मुलामा गेला की ते गंजणार.

टाके बारीक असले की शिवण पक्की, असा माझाही समज होता. चामड्यात ते उलटं आहे. फार जवळजवळ भोकं पडली तर पोस्टाच्या तिकिटासारखी फाडायची रेघच तयार होते. टाका थोडा लांब, एकसारखा आणि जाड नायलॉन किंवा पॉलिस्टर दोऱ्याचा हवा. सुती दोरा घामानं आणि ओलीनं कुजतो.

आता त्या पापुद्र्यांबद्दल, कारण याचा त्रास जवळजवळ प्रत्येकीला झालेला असतो. 'पीयू लेदर' म्हणजे कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा थर. हवेतल्या ओलाव्यानं तो थर हळूहळू विघटित होतो, पर्स वापरा अगर वापरू नका. म्हणून लग्नकार्यासाठी कपाटात जपून ठेवलेली पर्स दोन-तीन वर्षांनी काढावी तर हाताला चिकट लागते. तुम्ही नीट जपली नाही म्हणून ती गेली असं नाही. तो मालच तेवढ्या आयुष्याचा असतो, आणि दुरुस्त करणाऱ्याला त्यात काहीच करता येत नाही.

'जेन्युइन लेदर' या शिक्क्यानंही निश्चिंत होऊ नका. जाड कातडं आडवं चिरून त्याचे थर काढतात. सगळ्यात वरच्या थरातले तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, ताकद तिथे असते. खालच्या थरावर रंगाचा आणि प्लॅस्टिकचा लेप देऊन, वर दाणे उमटवून विकतात, आणि शिक्का त्यालाही तोच लागतो. 'फुल ग्रेन' लिहिलं असेल तर तो वरचा, न घासलेला थर. दुकानात अंगठ्यानं दाबून बघा. चांगल्या चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात आणि सोडलं की विरतात. सगळीकडे दाणा अगदी एकसारखा असेल तर तो साच्यानं उमटवलेला असू शकतो. वासावर जाऊ नका, वास फवारताही येतो.

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. तसल्या चामड्याच्या पर्सचा रंग हाताळून गडद होत जातो. मला तो फार आवडतो, पण पाण्याचे डाग त्यावर लगेच उमटतात. जून ते सप्टेंबर लोकलनं जाणाऱ्या बाईनं क्रोमनं, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं म्हशीचं चामडं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. चामडं नकोच असेल तर जाड सुती कॅनव्हास आणि रुंद विणलेला पट्टा घ्या, तो पीयूपेक्षा कितीतरी वर्षं जास्त चालेल. आमच्या आधीच्या पिढीनं शबनम, म्हणजे लांब पट्ट्याची साधी कापडी पिशवी, खांद्याला लावून अख्खी नोकरी केली, आणि आजही शबनम लावलेली मुलगी जुनाट दिसत नाही. मला वाटतं, त्या पिशवीवर तिच्या कामापलीकडचं काही नसतं म्हणून ती टिकली. पर्सचंही तेच. मोठं नाव, सोनेरी साखळ्या, झालरी नसलेली, दोन बोटं जाडीची फाइल आडवी मावेल अशी साधी चौकोनी पर्स २०११ मध्ये साधी दिसत होती, आजही साधीच दिसते.

चेनसाठी नंबर विचारा. बंद चेनचे दात साधारण जितके मिलिमीटर रुंद, तितका तिचा नंबर. मोठ्या कप्प्याला ५ पेक्षा कमी नको. दातांआधी बहुधा रनर झिजतो. चेन लागते आणि मागून उघडते, तेव्हा पूर्ण चेन उसवू देऊ नका. आधी फक्त रनर बदलायला सांगा. माझा दोनदा बदललाय, चेन तीच आहे.

आणि रिकामी पर्स हातात तोलून बघा. माझी ७०० ग्रॅम आहे. डबा, पाण्याची बाटली, छत्री, चार्जर घातले की तीन किलोच्या वर जाते. रिकामीच सव्वा किलोची असेल तर कितीही सुंदर असो, तुम्ही ती सहा महिन्यांत वापरायची थांबाल. पट्टा सव्वा इंचापेक्षा अरुंद नको, तो खांद्यात रुततो.

अस्तर फिक्या रंगाचं असलं की किल्ली सापडते. त्याहून महत्त्वाचं, ते ओढून बाहेर काढता आलं पाहिजे. सगळीकडे गोंदानं चिकटवलेलं असेल तर उद्या पट्ट्याच्या मुळाशी सुई पोचणार कशी?

भिजली तर कोरड्या फडक्यानं टिपायची, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवायची. गॅसजवळ किंवा उन्हात नाही, चामडं कडक होऊन तडकतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाल तर बुरशी येईल. सुती ओढणीत गुंडाळा.

चौदा-पंधरा वर्षांत माझ्या पर्सचं अस्तर एकदा बदललं. कडीखालची शिवण दोनदा घातली. परवा डाव्या बाजूचा एक टाका पुन्हा सैल दिसला. शनिवारी दुपारी काकांकडे जाणार आहे. जमलं तर या, तुमची पर्सही तिथेच उलटी करून बघू.